खोत गेला, अ‍ॅप आले: सार्वजनिक करमणुकीची खिडकी कोणाच्या हातात?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत नाटक, गाण्याचा कार्यक्रम किंवा एखादी मोठी मैफल पाहायची म्हटली की आज प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये एक तिसरा उभा असतो. तो नाटक लिहीत नाही, त्यात काम करीत नाही, नेपथ्य उचलत नाही, नाट्यगृह बांधत नाही. तो फक्त वाट अडवून बसतो आणि वाटेचे पैसे घेतो. या पैशाला त्याने 'सुविधा शुल्क' असे गोंडस नाव दिले आहे. सुविधा कोणाची, हा प्रश्न विचारण्यासाठी हा लेख आहे.

काही मित्र लगेच म्हणतील, आंबेडकरी चळवळीला दुसरे विषय नाहीत का? अत्याचार, शिष्यवृत्त्या, कंत्राटीकरण, आरक्षण हे सगळे सोडून तुम्ही नाटकाच्या तिकिटावर कधीपासून लिहू लागलात? या मित्रांना आम्ही संविधान उघडायला सांगतो. कलम १५ च्या दुसऱ्या खंडात कोणत्या जागा नमूद केल्या आहेत ते पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची स्थाने यांत अडवता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. त्याच्या पुढेच विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. म्हणजे संविधानाने पाणवठा आणि करमणुकीचे स्थान एकाच खंडात शेजारी शेजारी ठेवले. हा योगायोग नव्हता. माणूस म्हणून जगण्यात पाणी आहे, तसे चार लोकांत बसून नाटक पाहणेही आहे, हे त्यामागचे भान होते. पुढे कलम ४३ मध्ये कामगाराला केवळ निर्वाह वेतन देऊन राज्याची जबाबदारी संपत नाही, फुरसतीचा आणि सामाजिक, सांस्कृतिक संधींचा पूर्ण उपभोग त्याला घेता यावा यासाठी राज्याने झटावे, असेही सांगितले आहे. तेव्हा हा विषय आमचा नाही असे म्हणणाऱ्यांनी संविधान अर्धेच वाचले आहे.

अर्थात पाण्याचा हक्क आणि नाटकाचे तिकीट आम्ही एका तराजूत तोलत नाही. महाडचा संग्राम जीवनमरणाचा होता. पण महाडने शिकवलेला एक धडा इथे लागू पडतो. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. कारण कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक जागेपाशी पोहोचण्याची वाट कोणाच्या ताब्यात आहे, यावर ती जागा खरोखर सार्वजनिक आहे की नाही हे ठरते.

नाट्यगृह कोणाचे?

ठाण्यातील राम गणेश गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणमधील आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीतील सावित्रीबाई फुले कलामंदिर या चारही वास्तू महापालिकांच्या आहेत. त्या कोणा शेठने बांधलेल्या नाहीत. मालमत्ता कर भरणाऱ्या चाळकऱ्याच्या, वागळे इस्टेटमधल्या कामगाराच्या, कोळसेवाडीतल्या भाडेकरूच्या पैशातून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच पैशातून त्यांची दुरुस्ती होते. अशा वास्तूत बसायची खुर्ची मिळवण्यासाठी नागरिकाने एका खाजगी कंपनीच्या दारातून जायचे आणि तिला वेगळा टोल द्यायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

आमच्या कार्यकर्त्यांना आलेला एक अनुभव सांगतो. नाव कोणाचे घेत नाही, कारण प्रश्न एका नाट्यगृहाचा किंवा एका कंपनीचा नाही. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने एकदा एकत्र नाटकाला जायचे ठरवले. तीसेक बायका, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरकाम करणाऱ्या. भिशीसारखे थोडे थोडे करून पैसे जमवले. दोघीजणी रोख रक्कम घेऊन खिडकीवर गेल्या. प्लॅनवर शेवटच्या काही रांगा आणि कडेच्या तुटक खुर्च्या तेवढ्या शिल्लक होत्या. मधल्या जागा कुठे गेल्या असे विचारले तर उत्तर मिळाले, "त्या ऑनलाइनला दिल्यात, ताई." मग एका मुलाच्या मोबाइलवर अ‍ॅप उघडले. एका वेळी काढता येणाऱ्या तिकिटांवर मर्यादा, म्हणून तीनदा व्यवहार करावा लागला. प्रत्येक तिकिटावर शुल्क. दुसऱ्या व्यवहारात खात्यातून पैसे कापले गेले, पण तिकीट आले नाही. ते पैसे परत यायला आठवडा गेला आणि तेवढ्या वेळात त्या जागा दुसऱ्याच्या झाल्या. शेवटी बाविसजणी गेल्या, आठजणी घरी राहिल्या. ज्या राहिल्या त्या कोण होत्या? ज्यांच्याकडे वरचे पैसे टाकायला नव्हते त्याच.

अ‍ॅप जात विचारत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. खरे आहे, विचारत नाही. ते स्मार्टफोन विचारते, बँक खाते विचारते, ईमेल विचारते, इंग्रजीतल्या अटी-शर्ती मान्य करायला सांगते आणि विक्री सुरू होईल त्या क्षणी तुमचे दोन्ही हात मोकळे असावेत अशी अपेक्षा करते. कामाच्या वेळेत दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई, कारखान्याच्या फाटकावर मोबाइल जमा करणारा कामगार, फक्त बटणांचा फोन वापरणारे म्हातारे आईबाप या कसोट्यांत आपोआप गळतात. जात न विचारताही जातिव्यवस्थेने तळाशी ढकललेली माणसेच तळाशी राहतील अशी चाळणी तयार करता येते. तिला भेदभाव म्हणावे लागत नाही, 'तंत्रज्ञान' म्हटले की काम भागते.

शुल्काचा हिशेब

आता हिशेब मांडू. समजा तिकीट ४०० रुपयांचे आहे आणि त्यावर ३० रुपये सुविधा शुल्क आहे. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. एका तिकिटामागे ३५ रुपये ४० पैसे वर गेले. चार माणसांच्या कुटुंबाला १४१ रुपये ६० पैसे. इथे एक गंमत पाहा. नाटकाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. सामान्य माणसाला नाटक परवडावे म्हणून सरकारने ती सूट दिली आहे. म्हणजे कलेवर कर माफ, पण ती कला पाहायला जाण्याच्या वाटेवर १८ टक्के कर. एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या दाराने वसूल होते.

दुसरी गोष्ट. चार तिकिटे एकाच व्यवहारात काढली तर संगणकाला चौपट काम पडते का? पैसे एकदाच कापले जातात, संदेश एकच येतो. मग शुल्क चारदा का? रेल्वेच्या आयआरसीटीसीवरही सुविधा शुल्क आहे आणि त्यावरही आमचा आक्षेप आहे. पण तिथे एका तिकिटावर सहा प्रवासी असले तरी शुल्क एकदाच लागते, आणि कल्याण, ठाणे स्थानकांवर आरक्षणाच्या खिडक्या अजून उघड्या आहेत. रेल्वेला जे जमते ते करमणुकीच्या धंद्याला का जमत नाही?

तिसरी गोष्ट लपवाछपवीची. पहिल्या पानावर ४००, शेवटच्या पानावर ४३५. घड्याळ उलटे पळत असते, जागा सुटण्याची भीती घातलेली असते, अशा वेळी माणूस भांडत बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या मांडण्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हा त्यातला एक. खोटी घाई निर्माण करणे हा दुसरा. ग्राहकाची संमती न घेता शेवटच्या क्षणी धर्मादाय देणगीसारखी रक्कम बिलात सरकवणे हाही एक. दान करायला आमचा विरोध नाही. पण दान देणाऱ्याला आपण दान दिले हे माहीतच नसेल तर ते दान कसले?

बाबासाहेबांचे खोती विधेयक आठवा

आमच्या मते या सगळ्या व्यवहाराला कोकणच्या इतिहासात एक नेमके नाव आहे: खोती. खोत जमीन कसत नव्हता. सरकार आणि कसणारे कूळ यांच्यामध्ये तो उभा होता. सारा गोळा करून सरकारला भरणे हे त्याचे काम. म्हणजे तोही एक 'सुविधा' पुरवत होताच! पण कुळाला सरकारशी थेट व्यवहार करता येत नव्हता आणि खोताच्या मागणीला धरबंध नव्हता, हा खरा अन्याय होता. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. त्या विधेयकाचा गाभा साधा होता: मधला माणूस हटवा आणि कसणाऱ्याचे सरकारशी थेट नाते जोडा.

आजचा तिकीट विक्रेता हा करमणुकीचा खोत आहे. निर्माता त्याच्यावाचून नाटक विकू शकत नाही, प्रेक्षक त्याच्यावाचून नाटक पाहू शकत नाही, आणि दोघांचीही माहिती फक्त त्याच्याकडे. कोणत्या भागातला प्रेक्षक कोणत्या नाटकाला येतो, हे निर्मात्याला कळत नाही, ते कंपनीला कळते. पूर्वी खिडकीवरचा बुकिंग क्लार्क निर्मात्याला सांगत असे की डोंबिवलीत अमुक नाटकाची चौकशी आहे, एक प्रयोग लावा. ते ज्ञान आता कंपनीच्या मालकीचा माल झाले आहे.

याचा सर्वांत मोठा फटका कोणाला? 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' सारखी नाटके आठवा. जाहिरातीचे बजेट नसलेली परिवर्तनवादी नाटके कार्यकर्त्यांच्या बळावर चालतात. तिकिटांची पुस्तके वाटली जातात, वस्त्यावस्त्यांत जाऊन तिकिटे खपवली जातात, संघटना एकगठ्ठा जागा घेतात. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांच्या गाण्यापर्यंत आमची सारी सांस्कृतिक चळवळ अशीच माणसाने माणसाला बोलावून उभी राहिली. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर जागा त्यालाच मिळते ज्याला आधीच गर्दी आहे. बाकीचे कुठेतरी खाली, बोटाने सरकवत राहिले तर सापडणार.

'खिडकीवर जा ना!'

आमच्या तक्रारीवर ठरलेले उत्तर असते: शुल्क नको असेल तर खिडकीवर जा, कोणी जबरदस्ती केली आहे? हे उत्तर आता न्यायालयातही पोहोचले आहे. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ साली शासकीय आदेश काढून चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर सुविधा शुल्क घेण्यास मनाई केली होती. चित्रपटगृहांच्या कंपन्या आणि 'बुकमायशो' चालवणारी बिगट्री कंपनी यांनी त्याला आव्हान दिले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर, म्हणजे कलम १९(१)(छ) वर, ते घाला घालतात आणि त्यांना कायद्याचा आधार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ऑनलाइन तिकीट घ्यायचे की चित्रपटगृहावर जाऊन घ्यायचे ही निवड ग्राहकाची आहे, असा त्यामागचा विचार होता.

न्यायालयाचा आम्ही आदर करतो आणि त्याच्याच विचारावर पुढचा प्रश्न उभा करतो. निवड ग्राहकाची असेल, तर निवडायला दुसरा पर्याय जिवंत असला पाहिजे. खिडकी बंद असेल, अर्धवेळ असेल किंवा तिच्याकडे फक्त उरलेसुरले ठेवले असेल, तर निवड उरते कुठे? म्हणून त्या निकालानंतर खिडकी ही जुन्या काळाची आठवण राहिलेली नाही. शुल्काच्या वैधतेचा पायाच त्या खिडकीवर उभा आहे. ज्याला शुल्क घ्यायचे आहे त्याने आधी खिडकी उघडी ठेवली पाहिजे.

मोठ्या मैफलींना तर खिडकीच नसते. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर विक्री सुरू झाली. अधिकृत दर २,५०० ते ३५,००० रुपये. लाखो लोक रांगेत अडकले, बघता बघता तिकिटे संपली आणि थोड्याच वेळात तीच तिकिटे इतर संकेतस्थळांवर लाखांच्या घरात मागितली जाऊ लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. कंपनीने अनधिकृत विक्रेत्यांशी आपला संबंध नसल्याचे सांगितले आणि स्वतःही पोलिसांत तक्रार दिली. काळ्या बाजाराविरुद्ध नियम करावेत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. धोरण ठरवणे हे कायदे मंडळाचे काम आहे, असा त्याचा रोख होता.

ऑनलाइनमुळे काळा बाजार संपला, असे सांगणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पूर्वी थिएटरबाहेर 'दस का बीस' म्हणणारा पोरगा पोलिसांच्या हाती लागत असे. आताचा काळाबाजारवाला दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर बसतो.

दुसरा खोत आला म्हणून कूळ सुटत नाही

बाजारात स्पर्धा येऊ द्या, सगळे ठीक होईल, असाही एक भाबडा सल्ला आहे. स्पर्धा कशी आहे ती पाहू. बुकमायशोने आपल्या प्रबळ स्थानाचा गैरवापर केला, चित्रपटगृहांशी एकाधिकाराचे करार केले, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ही तक्रार सिनेमाच्या तिकिटांची होती आणि चौकशीचा आदेश म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण प्रथमदर्शनी दखल घेण्यासारखे काही आयोगाला दिसले, हेही खरे. दुसरीकडे ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीट व्यवसाय २,०४८ कोटी रुपयांना विकत घेतला. ही स्पर्धा कोणामध्ये आहे? हजारो कोटींच्या दोन कंपन्यांमध्ये. प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी 'तिकिटालय' काढले, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण एका कलावंताने स्वतःच्या बळावर करावे ते काम महापालिका आणि सरकारने का करू नये?

अमेरिकेतही हेच भांडण चालू आहे. तिथे २०१० मध्ये तिकीट विकणारी टिकेटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन एक झाल्या. मे २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने मक्तेदारीविरोधी खटला भरला. मे २०२५ पासून तिकिटाची शुल्कासह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम तिथे लागू झाला. बाजाराची पूजा करणाऱ्या देशाला जे करावे लागले, ते 'संपत्तीचे केंद्रीकरण सर्वांना हानिकारक होऊ नये' असे कलम ३९ मध्ये लिहून ठेवणाऱ्या देशाने करू नये?

आमचा विरोध यंत्राला नाही

आम्ही अ‍ॅपच्या विरोधात आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे ते मांडत होते. यंत्रामुळे होणारे अनर्थ यंत्राचे नसून खाजगी मालकी आणि खाजगी नफा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचे आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. आमचे म्हणणे तेच आहे. मोबाइलवर तिकीट मिळणे चांगलेच आहे. प्रश्न त्या यंत्राच्या मालकीचा आणि अटींचा आहे.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे आमच्या मागण्या अशा:

१. महापालिकेच्या नाट्यगृहात होणाऱ्या प्रत्येक प्रयोगाच्या, प्रत्येक दराच्या किमान निम्म्या जागा खिडकीवर, रोखीने, कोणत्याही शुल्काविना मिळाल्या पाहिजेत. उरलेल्या रांगा खिडकीला, हा प्रकार बंद करा.

२. नाट्यगृह भाड्याने देतानाच्या करारात अट घाला: कोणत्याही एका विक्रेत्याला एकाधिकार नाही, शुल्क तिकिटामागे नव्हे तर व्यवहारामागे, आणि पूर्ण किंमत पहिल्याच पानावर. वास्तू तुमची आहे, अट घालण्याचा अधिकारही तुमचा आहे.

३. महिला मंडळे, शाळा, कामगार संघटना आणि वस्त्यांतील मंडळे यांच्यासाठी एकगठ्ठा नोंदणीची वेगळी सोय करा.

४. पाणीपट्टी आणि मालमत्ता कर ऑनलाइन घेता, तर नाटकाची तिकिटेही महापालिकेच्या स्वतःच्या यंत्रणेतून, मराठीत, ना नफा तत्त्वावर द्या.

राज्य सरकारकडे एकच मागणी: शासकीय आदेश टिकला नाही, आता कायदा करा. सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याचा मार्ग कलम १९(६) ने मोकळा ठेवला आहे. शुल्काची मर्यादा, खिडकीची सक्ती आणि चढ्या दराने होणाऱ्या फेरविक्रीला बंदी या तीन गोष्टी त्या कायद्यात आल्या पाहिजेत. दोन वेगवेगळ्या प्रकरणांत न्यायालयाने चेंडू तुमच्याच अंगणात टाकला आहे.

आणि मित्रहो, आपणही हात बांधून बसू नये. पैसे कापले आणि तिकीट आले नाही, किंमत शेवटी वाढली, न मागितलेली रक्कम बिलात आली, तर स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. नाट्यगृह कोणत्या अटींवर दिले जाते, खिडकीसाठी किती जागा राखल्या जातात, याची माहिती माहिती अधिकारात महापालिकेकडे मागा. प्रत्येक प्रभागातून असा एक अर्ज गेला तरी प्रशासनाला उत्तर तयार करावे लागेल. आमचे कार्यकर्ते अर्जाचा नमुना तयार करीत आहेत. ज्यांना हवा त्यांनी वस्तीतल्या वाचनालयात किंवा बुद्धविहारात विचारावा.

डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाईंचे नाव आहे. ज्यांना शाळेच्या दारात उभे करत नव्हते त्यांच्यासाठी दार उघडणारी ही बाई. तिच्या नावाच्या वास्तूत घरकाम करणाऱ्या बाईला तिच्या घामाच्या रोख पैशात मधल्या रांगेतली खुर्ची मिळाली पाहिजे. आमची मागणी एवढीच आहे आणि ती मिळेपर्यंत आम्ही ती करत राहू.

जय भीम!